मोतीरामचं समाजकार्य

एका गावात एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात एक भोळा विद्यार्थी होता. नाव मोतीराम. तो समाजकार्य शिकत होता. दुसऱ्याचं भलं कसं करायचं ते दोन वर्षांत शिकवतात, तो कोर्स. मोतीरामच्या वडिलांना वाटायचं, आपला पोरगा हुशार आहे. मोतीरामला वाटायचं, आपल्या देवस्थळे मॅडम हुशार आहेत. मॅडमनाही तसंच वाटायचं.

या कोर्सला आठवड्यातून दोन दिवस खेड्यात जाऊन काम करावं लागे. त्यात नापास तो सगळ्यात नापास. मोतीरामच्या वाट्याला खैरवाडी आली.

मॅडम म्हणाल्या, "गावात जाऊन शहाणपण शिकवू नकोस. आधी ऐक. नीट ऐकून घेतलं की अर्धं काम झालं."

मोतीरामला पटलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

खैरवाडीत पाण्याची बोंब. सत्तरीची सगुणाआजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती. मोतीरामला पाहून ओरडली, "लेकरा, हंडा धर! पडतोय!"

मोतीरामनं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मायेनं विचारलं, "आजी, पडतोय असं तुम्हाला कधीपासून वाटतंय?"

हंडा पडला. आजीच्या पायावर पडला. पुढे आजी जे बोलली तेही त्यानं नीट ऐकून घेतलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, माणूस अडचणीत दिसला की विचारत बसू नये. धावायचं, हात धरायचा आणि ओढून बाहेर काढायचं!"

मोतीरामला पटलं. लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला गावात लग्न होतं. पाठवणी चालली होती. नवरी हमसाहमशी रडतेय, तिची आई रडतेय आणि चार आत्या मिळून तिला जीपमध्ये बसवताहेत. मोतीराम धावला. त्यानं नवरीचा हात धरला आणि ओढून बाहेर काढलं.

"ताई, घाबरू नका! मी आलोय!"

दुसरा हात नवऱ्याच्या हातात होता, म्हणून नवराही बाहेर आला. मग वऱ्हाडानं मोतीरामला धरलं. बँडवाल्यांचा काही संबंध नव्हता. पण त्यांनीही दोन ठेवून दिल्या.

मॅडम म्हणाल्या, "अरे, कुणाच्या आयुष्यात असं घुसायचं नसतं! आधी संमती घ्यायची. तीसुद्धा लेखी. खाली सही आणि दोन साक्षीदार."

गाल सुजला होता, तरी मोतीरामला पटलं. त्यानं संमतीचे पन्नास फॉर्म छापून घेतले.

चार दिवसांनी विहिरीचा काठ खचला आणि सरपंच बबनअण्णा आत पडले. जवळ एकटा मोतीराम.

"दोर टाक रे! बुडतोय मी!"

मोतीरामनं फॉर्म काढला. "अण्णा, तोंडी चालत नाही. सही लागते."

"मेल्या, हात उचलला तर तळाला जाईन!"

मोतीरामनं फॉर्म पुन्हा एकदा वाचून पाहिला. "अंगठा चालेल, अण्णा."

आरडाओरडा ऐकून दोन गडी शेतातून धावत आले. साक्षीदार मिळाले म्हणून मोतीरामला हायसं वाटलं. पण ते अडाणी. त्यांनी सही केलीच नाही, नुसता दोर टाकला आणि अण्णांना वर ओढलं.

आता मॅडमनी हात जोडले. "बाबा रे, तू वर्गात बस. मी शिकवते तेवढं ऐक. आणि मनानं काही करण्याआधी मला विचार."

मोतीराम वर्गात बसला. त्या आठवड्यात मॅडमनी दत्तकाचा कायदा शिकवला. दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच. आईबाप राहतील तिथे राहणार, ते खातील ते खाणार. आणि एकदा घेतलेलं दत्तक मोडता येत नाही.

शनिवारी खैरवाडीत विद्यापीठाचा मोठा कार्यक्रम झाला. मांडव पडला, शाली आल्या, कुलगुरू आले. ते माईकवर म्हणाले, "आजपासून आमच्या विद्यापीठानं खैरवाडीसह पाच गावं दत्तक घेतली आहेत!"

टाळ्या झाल्या. फोटो झाले. वेशीवर पाटी ठोकली. मग पाहुण्यांनी पुरी-श्रीखंड खाल्लं आणि गाड्या धुरळा उडवत निघाल्या.

मोतीरामनं वेशीवरची पाटी पुन्हा वाचली. आज दत्तक घेतलं आणि आजच टाकून चालले? पण मनानं काही करायचं नव्हतं. तो मॅडमच्या गाडीमागे पळाला.

"मॅडम, दत्तक घेतलेलं मूल घरी कधी न्यायचं?"

मॅडमना वाटलं, परीक्षेचं विचारतोय. "त्याच दिवशी. वेशीवर सोडून आलं तर त्याला दत्तक म्हणतात का?" म्हणाल्या आणि काच वर केली.

मोतीराम गावात परतला आणि त्यानं सगळ्यांना कायदा समजावून सांगितला. गावाला कायदा कळला नाही. पण कुलगुरूंच्या बंगल्यात चोवीस तास नळाला पाणी असतं, एवढं कळलं. गावानं अंथरुणं बांधली.

संध्याकाळी कुलगुरू व्हरांड्यात चहा पीत होते. शेजारी देवस्थळे मॅडम कार्यक्रमाचे फोटो दाखवत होत्या. तेवढ्यात फाटक उघडलं आणि ट्रॅक्टर आत आले. माणसं उतरली, शेळ्या उतरल्या, पाळणे उतरले. बायकांनी बागेतल्या नळाला हंडे लावले. सगुणाआजी लंगडत पुढे आली आणि आपल्याहून बारा वर्षांनी लहान कुलगुरूंच्या पाया पडली.

"बाबा, आमची खोली कंची?"

कुलगुरूंचा चहा सांडला. "कोण आहेत ही माणसं?"

"तुमचीच, सर," मोतीराम म्हणाला.

"घेऊन जा त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"दत्तक मोडता येत नाही, सर. कायदाच आहे तसा."

कुलगुरूंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फोटोंकडे पाहिलं. कुलगुरू मटकन पायरीवर बसले. त्यांच्या मांडीवर कुणीतरी एक तान्हं आणून ठेवलं.

मोतीरामला त्यांची दया आली. तो जवळ गेला आणि हळूच म्हणाला,

"घाबरू नका, सर. हे गाव सगळ्यांत धाकटं आहे. थोरली चारही गावं फाट्यापर्यंत आलीत."