रंगूतात्यांचा डावा पाय

आमच्या हवालदार रंगूतात्यांचा उजवा पाय सुरुंगात गेला. ते नकली पाय मागायला लष्करी दवाखान्यात गेले, तर कॉम्प्युटरवर डावा पाय गेल्याची नोंद!

तिथले साहेब बेडकासारखे फुगून म्हणाले, "ही ब्लॉकचेन आहे, हवालदार. एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. मिळेल तो डावाच पाय!"

तात्यांनी दोन्ही कुबड्या रोवल्या, डावा बूट साहेबांच्या पायावर ठेवला आणि दाबला.

"आई गं! अरे, पाय काढ!"

"कुठला पाय, साहेब? डावा तर गेलाय. तुमचीच नोंद सांगतेय."

साहेबांनी बोंबलतच जुन्या नोंदीखाली उजवा पाय गेल्याची नवी नोंद जोडली. तात्यांना उजवा नकली पाय मिळाला. पण जुनी नोंद काही खोडता येईना, म्हणून सरकारदरबारी आता त्यांचे दोन्ही पाय गेलेत.