मिनतीचे कापड

एका राज्यात 'मागणे' हा शब्दच उरला नव्हता. राजा अरिंजयाला तो खपत नसे. राजाने मागायचे नसते, घ्यायचे असते, असे त्याचे म्हणणे. मग प्रजा काय करणार? तिथले विणकर आपल्या मागाला चौकट म्हणत. मुलाचा बाप सोयरिकीला गेला की मागणी न घालता नुसता ओसरीवर बसून राही, आणि मुलीच्या बापाने काय ते ओळखावे. जेवताना राजाने एक भुवई उचलली की कढी, दोन्ही उचलल्या की भात, हे वाढप्यांना पाठ होते. ते चुकले तर राजा उपाशी उठे, पण बोलत नसे.

एकदा दरबारात एक मायाविनी आली. तिच्या खांद्यावर मोरपंखी शेला होता. राजाची नजर त्यावर खिळली. मायाविनी म्हणाली, "राजा, माग. देईन." राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याने शेला ओढून घेतला.

मायाविनी रागावली नाही. "हात घेण्यापुरताच हवा असेल, तर तो लाकडाचाही चालेल," एवढे बोलून ती निघून गेली, आणि राजाची दहाही बोटे सागवानी झाली. महिन्याभरात मनगटे गेली. वैद्यांनी तेल चोळले. लाकूड चकाकले, बाकी गुण शून्य. शेवटी राजवैद्याने राजकन्या पद्मलेखेला बाजूला घेतले.

"लाकूड वर चढते आहे, राजकन्ये. काळजाला भिडेल त्या दिवशी महाराज जातील."

पद्मलेखा ही राजाची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली. तिचा बापावर फार जीव होता, आणि हे तिने त्याला कधी सांगितले नव्हते. त्या घरात तशी रीतच नव्हती. तीही त्याला महाराजच म्हणे.

राजवाड्याच्या उंबरावर एक धनेश राहत असे. मोठ्या चोचीचा, बोलणारा पक्षी. तो म्हणाला, "जावा बेटाच्याही उत्तरेला एक थोरले बेट आहे. तिथे बारितो नदीकाठी बंजार लोकांचे नगर आहे. त्या नगरात दुखण्यावर कापड रंगवतात. मी तिथलाच. दुभाष्या होऊन येईन."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कुणी विचारले नाही."

राजकन्येने आज्ञापत्र लिहवून घेतले, त्यावर राजमुद्रा उमटवली आणि ती गलबतात बसली. दोन महिन्यांनी गलबत नदीच्या मुखात शिरले.

नगर म्हणायचे खरे, पण त्याला रस्ता नव्हता. आपल्याकडे गल्ली असते तिथे पाणी, आणि घरे लाकडी खांबांवर, खाली पाय ओले ठेवून उभी. दिवस उजाडला की बाजार होड्यांतच भरे. साऱ्या विक्रेत्या बायका, डोक्यावर सुपाएवढ्या ताडपानी टोप्या. केळी देऊन मासे घ्यावेत, मासे देऊन तांदूळ, आणि होडीला होडी घासली तरी कुणी भांडू नये. एका घरी वेताच्या चटया विणत होते, दुसऱ्या घरी हिऱ्याला पैलू पाडत होते, तिसऱ्या घरी अख्खे खोड पोखरून होडी काढत होते. राजकन्येकडे कुणी मान वर करून पाहिले नाही. हे तिला नवे होते.

कापड रंगवणारी म्हातारी होती नीनी इंतान. नीनी म्हणजे तिकडची आजी. राजकन्येने तिच्यापुढे आज्ञापत्र धरले. नीनीने ते उलटसुलट पाहिले, अंगणातल्या फळीवर पसरले आणि त्यावर ओली हळद वाळत घातली.

"हे कापड हुकमाने मिळत नाही," ती म्हणाली. "याचे नावच पमिंतान. मागितलेले. दुखण्याचे नाव घ्यावे आणि मागावे."

धनेशाने शब्द उलगडून सांगितला. राजकन्येला तो आपल्याकडच्या मिनतवारीसारखा ऐकू आला. तिचे कान लाल झाले. "म्हणजे मिनती करायच्या? मी?"

"दुसरे कोण आले आहे?" नीनी म्हणाली.

तीन दिवस राजकन्या तिथल्या पायरीवर बसून राहिली. मागायचे हे कळत होते, पण तोंडातून निघेना. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार! नीनीने तिला दोन्ही वेळा भात वाढला आणि घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी राजकन्या खाली मान घालून पुटपुटली, "महाराजांचे हात लाकडाचे झाले आहेत. कापड द्या."

"अवयव जड झाला, म्हणजे रंग हिरवा," नीनी म्हणाली. तिने पांढऱ्या कापडावर लाटांच्या रेघा काढल्या, जाड दोऱ्याने त्यांवर धावदोरा घातला आणि दोरे ताणून गाठी मारल्या. एवढे मोठे कापड, वाळल्या मिरचीसारखे आकसले. टाक्यांत जिथे कापड आवळले तिथे रंग शिरत नाही, आणि तीच नक्षी. नीनीने ते हिरव्या रंगाच्या हंड्यात बुडवले, काढले. कापड होते तसेच पांढरे.

"दुखण्याचे नाव चुकले."

राजकन्येने विचार केला. "त्यांना झोप लागत नाही. कापड द्या."

झोपेला लाल. नीनीने लाल हंडा चढवला. कापड पांढरेच निघाले. नीनीने ते पिळून दांडीवर टाकले आणि राजकन्येशेजारी येऊन बसली.

"मुली, तू त्याचे सांगतेस. तुला काय होते?"

हा प्रश्न तिला जन्मात कुणी केला नव्हता. वैद्याने नाही, मंत्र्याने नाही, बापाने तर नाहीच. पाण्यावरून एक होडी गेली, दुसरी गेली, आणि मग राजकन्येला रडू कोसळले.

"मला भीती वाटते, नीनी. महाराज जातील, आणि मी त्यांच्याशी काहीच बोललेली नसेन. मला कापड द्या हो. पाया पडते."

नीनीने तिसरा हंडा चढवला, कातासारखा तपकिरी. या वेळी रंग असा धरला की नीनीची बोटेही रंगली.

"भीतीचा रंग," ती म्हणाली. "बापलेकीचे दुखणे बहुतेक एकच असते. टाके मात्र मी उसवत नाही. त्याने आपल्या तोंडाने दुखणे सांगावे, मागावे, म्हणजे ते आपोआप उसवतील. तू कात्री लावलीस तर हे नुसते कापड."

राजकन्या परतली तेव्हा राजा छातीपर्यंत लाकडाचा झाला होता. काळजाला बोटभर अंतर उरले होते. तिने ते आकसलेले कापड त्याच्या मांडीवर ठेवले. "महाराज, दुखणे सांगा आणि मागा."

राजाने एक भुवई उचलली. "महाराज 'घेतो' म्हणतात," मंत्र्याने अर्थ लावला. कापड हलले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटे नव्हे.

राजकन्येने कात्री उचलली. टाक्याशी नेली. मग खाली ठेवली आणि भर दरबारात ती बापाच्या पायाशी बसली.

"बाबा, मला भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात. राहा ना."

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. साऱ्या जन्मात राजाने घेतले होते आणि हुकूम सोडले होते. मागायचे कसे, हे त्याला कुणी करून दाखवले नव्हते. त्याचे ओठ हलले. आवाज इतका बारीक, की मंत्री पुढे वाकला.

"भीती मलाही वाटते. फार दिवस वाटते. पद्मा... जवळ बसतेस का?"

ती उठून त्याला लागून बसली. पहिला टाका उसवला. मग दुसरा, मग ओळच्या ओळ. कापड त्याच्या मांडीवर उलगडत गेले, तपकिरीवर पांढऱ्या लाटा. राजकन्येने ते त्याच्या अंगाभोवती लपेटले. आधी छाती ऊबदार झाली, मग खांदे, कोपरे, आणि दुपारपर्यंत दहाही बोटे. मोकळ्या हातांनी राजाने मायाविनीचा शेला घडी घालून तिच्याकडे परत धाडला. मग दरबार उठला, आणि तो पुन्हा लेकीशेजारी येऊन बसला. दोघे बोलत राहिली. सांगण्यासारखे पुष्कळ साठले होते.

तोवर बाहेर हुकमांसाठी गर्दी जमली होती. मंत्री आत आला. "महाराज, लोक खोळंबले आहेत. काय हुकूम?"

राजाने लेकीकडे पाहिले. मग म्हणाला, "आजचा दिवस मला द्याल का?"

मंत्र्याला वाक्य कळायला एक क्षण लागला. हुकूम असता तर त्याने मुजरा केला असता. याचे काय करायचे, ते त्याला ठाऊक नव्हते.

"दिला, महाराज," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्याने दार हळूच ओढून घेतले.

ज्याच्या ओठांशी असा शब्द अडला असेल, त्याचा तो वेळेत सुटो.