नदीपलीकडची वस्ती

फार फार वर्षांमागे एका राज्यात एक न्यायाधीश होते. निकाल चोख देत. पण एक कोडे त्यांना सुटत नव्हते. पकडून आणलेले बहुतेक चोर नदीपलीकडच्या वस्तीतलेच कसे?

"तिथलं रक्तच तसं," प्रधान म्हणाले.

"छे, तिथलं पाणीच वाईट," कोतवाल म्हणाला.

न्यायाधीशांचे समाधान होईना. त्यांनी राजाकडून महिन्याची रजा घेतली, मिशा उतरवल्या, जाडेभरडे धोतर नेसले आणि वस्तीतल्या गोजरा नावाच्या विधवेच्या पडवीत जाऊन राहिले.

दुसऱ्या दिवशी ते शहरात काम शोधायला निघाले. तेल्याने विचारले, "कुठला तू?"

"नदीपलीकडचा."

"मग नको बाबा. काही नाहीसं झालं तर?"

गवंड्यानेही तेच विचारले आणि तसेच परत पाठवले. रोज हेच. आठवड्यात जवळचे पीठ संपले. मग गोजरा आपल्यातली अर्धी भाकरी त्यांना देऊ लागली.

त्यांनी विचारले, "बाई, एवढ्या हालात तुम्ही कधी चोरी केली नाही?"

"नाही. माझ्या वाटची माझ्या भावानं केली. तुरुंगात आहे तो. न्याय बरोबरच झाला म्हणतात. पण 'का केलीस?' एवढं त्याला कुणी विचारलं नाही."

न्यायाधीशांना मान वर करवेना.

मग गोजरा तापाने फणफणली. घरात दाणा नव्हता. न्यायाधीश दिवसभर काम मागत हिंडले. परतताना एका दुकानाबाहेर ज्वारीचे उघडे पोते दिसले आणि त्यांचा हात आत गेला. शिपायांनी त्यांना धरून दरबारात उभे केले.

राजा चकित झाला. "तुम्ही? आणि चोरी?"

"होय महाराज. माझं रक्त तेच आहे, फक्त राहण्याची जागा बदलली. तिथली कितीतरी माणसं जन्मभर उपाशी राहूनही कुणाच्या वस्तूला हात लावत नाहीत. मला पंधरा दिवसही जमलं नाही. शिक्षा द्या, चोरी ती चोरीच. पण ती वस्तीही एकदा बघून या."

राजाने त्यांना महिनाभर दगड वाहायची शिक्षा दिली, आणि आजारी गोजरासाठी वैद्य व धान्य घेऊन स्वतः नदी ओलांडून वस्तीत गेला. परत आल्यावर त्याने फर्मान काढले, की कामाला माणूस घेताना त्याची वस्ती कुणी विचारायची नाही. वस्तीला शेतीसाठी पाण्याचा पाट दिला, धान्याचे कोठार दिले. पुढे पुढे कोतवालाला तिकडे जायचे कारण क्वचितच पडू लागले.

बोध : चोरी करणारा दोषी असतोच, पण ज्यांनी त्याला कष्टाची सगळी दारे बंद केली, तेही निर्दोष नसतात.