सटवाजी नाईकाने काढलेला माग

फार वर्षांपूर्वी, पळसखोरीला सडक नव्हती तेव्हाची ही गोष्ट. टपाल आठवड्यातून एकदा यायचं आणि शाळेला मास्तर टिकायचा नाही. आलेला मास्तर डोंगर बघायचा, विहिरीचं मचूळ पाणी प्यायचा आणि वर्षाच्या आत बदली करून घ्यायचा.

त्या काळी गावात सटवाजी नाईक राहत होता. माग काढणं हा त्याचा धंदा. कुणाची म्हैस चुकली, कुणाचा बैल चोरीला गेला, की लोक त्याला बोलावत. तो जमिनीवर उकिडवा बसे, मातीकडे बघे आणि उठून चालू लागे. गवताच्या एका वाकलेल्या काडीवरून तो सांगे, की जनावर डाव्या पायानं लंगडतंय आणि सकाळपासून तहानेलं आहे. त्याचा माग कधी चुकला नाही, असं म्हणतात.

गावातल्या कुंभाराची मुलगी अनसूया. ती सातवीची परीक्षा पास झाली आणि जिल्ह्याच्या गावी शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात तिला जागा मिळाली. दोन वर्षं शिकायचं, मग नोकरी. तिला आपल्याच गावात शिकवायचं होतं, आणि गावालाही ती हवीच होती. कारण शाळा तपासायला आलेले साहेब सांगून गेले होते, की दोन वर्षांत कायमचा शिक्षक मिळाला नाही तर शाळा बंद. पण कॉलेजच्या फीचे आणि वसतिगृहातल्या जेवणाचे पैसे कुंभाराच्या घराण्यात कुणी कधी एका जागी पाहिले नव्हते. वटपौर्णिमेपर्यंत ते भरले नाहीत, तर जागा दुसरीला जाणार होती. हातात बारा दिवस होते. कुणी दहा सांगतात. पण अमावास्येनंतरचा तिसरा दिवस होता यावर सगळ्यांचं एकमत आहे, तेव्हा बाराच.

त्या दिवशी पारावर बसलेला एक जण थट्टेनं म्हणाला, "सटवाजीनाना, म्हशी लई शोधल्या. आता या पोरीची फी शोधा की!"

सगळे हसले. सटवाजी हसला नाही. त्यानं अनसूयेकडे वळून विचारलं, "शेवटची कुठं दिसली व्हती?"

"कधी दिसलीच न्हाई, नाना."

"मंग ती हरवलेली न्हाई. कुनाच्या तरी दावणीला बांधलेली हाय. तितवर कोन पोचलं नसंल, एवढंच."

एवढं बोलून तो उठला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि निघाला.

त्यानं साधा हिशोब धरला. जो मास्तर झाला, तो कुणाचा तरी हात धरूनच झाला असणार. तेव्हा मास्तराचा माग उलटा काढायचा. शेजारच्या गावच्या गोविंद मास्तरांना त्यानं विचारलं, "तुमास्नी कुनी शिकिवलं ते न्हाई इचारत, शिकाया कुनी धाडलं?" मास्तर म्हणाले, "आमच्या गावच्या तेल्यानं." तेली वारला होता. त्याची बायको घाण्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "आमच्या भाच्याला कुनीतरी शिकिवलं, म्हनून आमी गोविंदाला शिकिवलं. पन भाच्याला कुनी, ते तो सांगत न्हाई. तोंडाला कुलूप हाय त्याच्या."

तो भाचा म्हणजे नदीकाठच्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर, त्र्यंबक गुरुजी. तिकडे जाताना माळावर वावटळ उठली. दिवसाउजेडी अंधारलं, आणि वाटेवरची बैलांची, माणसांची, गाडीच्या चाकांची सगळी खूण पुसली गेली. पण मास्तराच्या पावलांना खडूची धूळ असते, आणि ती वाऱ्यानं उडत नाही. उघड्या खडकावर ती पावलं सटवाजीला चांदण्यासारखी पांढरी दिसली, आणि त्यांच्यावर पाय ठेवत तो नदीपर्यंत गेला, असं म्हणतात.

सटवाजीनं अनसूयेची अडचण सांगून तोच प्रश्न विचारला, पण गुरुजींनी त्याला दारातच उभं केलं. "मला कुणी दिलं नाही. मी माझ्या बळावर शिकलो."

सटवाजीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. "गुरुजी, माग हितंच तुटतोय. आन माग आपसुक तुटत न्हाई, कुनीतरी पुसावा लागतो."

तो अंगणात बसून राहिला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. तो काही मागेना, उठेना. गुरुजी शाळेत जाताना त्याला वळसा घालून जात. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची म्हातारी आई भाकरी घेऊन बाहेर आली. सटवाजीच्या हातावर भाकरी ठेवून ती लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्र्यंबका, दोन वर्सं ज्यांच्या घरचं जेवलास, त्यांचं नाव घ्यायला जीभ का रं झडती?"

गुरुजी खाली मान घालून उंबऱ्यावर बसले. "लोक म्हणाले असते, गुरुजी दुसऱ्याच्या अन्नावर शिकला."

"म्हनू द्यायचं," म्हातारी म्हणाली. "खरं तर हाय."

मग गुरुजींनी नाव सांगितलं. जिल्ह्याच्या गावी पेठेत भागीरथीबाई राहतात. जो कुणी शिक्षक व्हायला निघेल त्याचं शिक्षण त्या करतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी दौत काढली आणि मदतीसाठी अनसूयेचा अर्ज आपल्या हातानं लिहून दिला.

सटवाजीनं नेऊन दिलेला अर्ज भागीरथीबाईंनी वाचला, पुन्हा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. "चाळिसाव्या वर्षी मला एका मास्तरीणबाईंनी वाचायला शिकवलं. तेव्हापासून पैसे बाजूला ठेवलेत. त्र्यंबकनंतर अकरा वर्षं झाली, कुणी आलंच नाही. मला वाटलं, आता कुणाला शिक्षक व्हायचंच नाही."

त्या स्वतः सटवाजीबरोबर कॉलेजात गेल्या. तो वटपौर्णिमेचा दिवस होता. पैसे भरले, पण कारकुनानं आणखी एक कागद पुढे केला. मुलगी शिकून पाच वर्षं शिकवील, याला जामीन हवा होता. सटवाजी पुढे झाला.

"जमीन किती आहे तुझी?" कारकुनानं विचारलं.

"चालतो तेवढी."

"चेष्टा करतोस? बरं, अंगठा उठव."

"अंगठ्यावरनं मला मानूस वळखू येत न्हाई, सायेब. पाऊल घ्या. पोरगी परत आली न्हाई, तर या पावलानं जाऊन आनीन."

कारकून भागीरथीबाईंकडे बघू लागला. त्या म्हणाल्या, "घ्या." सटवाजीनं शाई लावलेलं पाऊल मेजावरच्या कागदावर टेकवलं. ते कागदात मावलं नाही. टाच लाकडावर उमटली. ती पुढं कितीही घासली तरी निघाली नाही, असं म्हणतात.

अनसूया दोन वर्षांनी परत आली आणि तिनं पळसखोरीत तेहेतीस वर्षं शिकवलं. शाळा एक दिवसही बंद पडली नाही. तिनं पहिल्या दिवशी कुलूप काढलं, तेव्हा सटवाजी दाराशी उभा होता. तिनं त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "माझं काम ऱ्हायलंय, बाई. भागीरथीबाईला त्या मास्तरणीनं शिकिवलं. पन त्या मास्तरणीला कुनी धाडलं व्हतं?"

आणि तो ते शोधायला निघाला. त्याची पावलं डोंगराच्या सपाट कातळापर्यंत लोकांना दिसली, पुढे दिसली नाहीत. माग काढणाऱ्याचा माग कुणाला काढता आला नाही. तो अजून चालतोच आहे, एका देणाऱ्याकडून त्याच्या आधीच्या देणाऱ्याकडे, असं म्हणतात.

पळसखोरीत अजूनही वैशाखातल्या अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सटवाजी निघाला त्या तिथीला, गावातून शिक्षक झालेली माणसं पारावर जमतात. हार नसतात, भाषणं नसतात. एकेकानं उभं राहायचं आणि आपण कुणाच्या मदतीनं शिकलो ते नावानिशी सांगायचं. कोणती शिष्यवृत्ती, कोणतं कार्यालय, अर्ज कोणत्या महिन्यात, दाखले कोणते, कुणाला भेटायचं, सगळं. त्या वर्षी शिक्षक व्हायला निघालेली मुलं-मुली समोर वही घेऊन बसतात आणि उतरून घेतात. याला सटवाजीचा माग म्हणतात. मोठ्या हुद्द्यावर गेलेलेही येतात, सांगतात, बसतात. मला कुणीच मदत केली नाही, असं म्हणायला त्या पारावर आजवर एकही माणूस उभा राहिलेला नाही.