विचारत हिंडणारी ठमाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते आमच्या खोऱ्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी म्हणतं घाटात नुसती पायवाट होती तेव्हाची. त्या काळी तांबडी नदीच्या दोन्ही अंगांना मिळून नऊ वाड्या होत्या, आणि त्यातल्या कुंभारवाडीत ठमा नावाची एक बाई राहत होती.

ठमाला एक खोड होती. ती विचारायची. मुंग्या अंडी तोंडात धरून निघतात त्या कुठं पोचतात, भट्टीतलं एकच मडकं का तडकतं, वरच्या वाडीतली पोरं उशिरा का चालायला लागतात. सासू म्हणायची, "अगं, तोंडाला जरा इसावा दे." ठमा गप्प बसायची. मग थोड्या वेळानं म्हणायची, "आत्याबाई, इसावा म्हंजी किती येळ?"

तिची धाकटी जाऊ गजरा, जिवाला जीव देणारी. गजराचं पहिलंच बाळंतपण होतं. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण गजराचं रक्त थांबेना. घरातल्या बायकांना जे जे माहीत होतं ते त्यांनी केलं. ऊन कलायच्या आत गजरा गेली. ठमाचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. तिनं गजराची मुलगीही पदराखाली घेतली.

दोन महिन्यांनी ठमा मडक्यांची पाटी घेऊन डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यावर गेली. तिथं बायजा नावाची म्हातारी ताक घुसळत होती. तिनं ठमाचे डोळे बघितले आणि विचारलं, "काय झालंय गं पोरी?" ठमानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बायजाचे हात थांबले.

"पोट वरनं दाबून चोळायचं," ती म्हणाली, "आन् पोर लगोलग छातीला लावायचं. सगळ्याच वाचत्यात असं न्हाई. पर तीन बायकांचं रगात म्या असंच थांबवलंय."

"मग तू आमच्याकडं का न्हाई आलीस?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

डोंगराच्या एका अंगाला गजरा जात होती, आणि दुसऱ्या अंगाला तिला कदाचित वाचवतील असे हात ताक घुसळत होते. मध्ये अर्ध्या सकाळची वाट होती. असं म्हणतात, त्या दिवशी ठमा घरी परतली ती पाटी तशीच भरलेली घेऊन, आणि सासूला एकच म्हणाली, "आजवर मी भलतंच इचारत व्हते."

त्या दिवसापासून ती जिथं मडकी न्यायची तिथं प्रत्येक लेकुरवाळीला एकच विचारायची: "तुझ्या येळंला तुला कोन उपेगी पडलं?"

बायका आधी हसल्या. मग सांगायला लागल्या. आणि काय काय निघालं! माळवाडीत एक बाई होती, तिनं आई नसलेली तीन तान्ही स्वतःच्या दुधावर जगवली होती. कोंडवाडीची सुईण नुसत्या बोटांनी चाचपून महिनाभर आधी ओळखायची की मूल आडवं आहे, म्हणजे बाईला वेळेत घाटाखाली वैद्याकडं नेता येई. सुतारवाडीत एकानं आपल्या बायकोसाठी इतकी हलकी डोली केली होती की दोन माणसं ती घेऊन घाट उतरत. ती डोली गोठ्यात माळ्यावर पडून होती. कारण पलीकडच्या वाडीला ती आहे हेच ठाऊक नव्हतं. नऊ वाड्यांना मिळून पुष्कळ ठाऊक होतं, आणि एकेकटीला अगदी थोडं.

ठमाला लिहिता येत नव्हतं. ती सगळं तोंडपाठ करायची. कुठं बाईला दिवस गेले असं कळलं की तिच्या दारात जाऊन बसायची आणि नावं सांगायची: अमक्यासाठी अमकीला बोलवा, ती या वाटेनं भेटेल, नदीला पाणी असेल तर त्या वाटेनं. असं म्हणतात, तिच्या जिभेवर दोनशे बायकांची नावं होती, आणि त्यातलं एकही कधी चुकलं नाही.

हे सगळ्यांना रुचलं नाही. पंचांनी तिला चावडीपुढं बोलावलं. पाटील म्हणाले, "बाळातपनाच्या गोष्टी चारचौघांत बोलतीस. वाडीवाडीत हिंडतीस. हे काय बरं न्हवं."

ठमा खाली मान घालून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "पाटील, तुमच्या येळंला तुमच्या आईला कोन उपेगी पडलं व्हतं?"

पाटलांना माहीत नव्हतं. पाचही पंचांना माहीत नव्हतं. मग एकेक जण उठून घरी गेला. ज्याची आई हयात होती त्यानं आईला विचारलं, ज्याची नव्हती त्यानं मावशीला. असं म्हणतात, त्या दिवशी पाच घरांत चुलीशी बसून म्हाताऱ्या बायका जन्मात पहिल्यांदा ते बोलल्या, आणि ठमाला परत कुणी बोलावलं नाही.

घाटाच्या खिंडीत एकदा तिला वाघीण आडवी आली म्हणतात. ठमा घाबरली, पण सवय कुठं जाते? तिनं विचारलं, "बाई, तुझी पिल्लं कुठायत? दूध पुरतंय का?" वाघिणीनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि वाट सोडली. खरं खोटं वाघिणीला माहीत.

पण खरी कसोटी पुढंच होती. पाटलांच्या सुनेला, केसरला, मुलगा झाला. सगळं नीट झालं. कोंडवाडीची सुईण वेळेत आली, बाळ गुटगुटीत. पण आठव्या दिवसापासून केसर बोलेना. जेवेना. बाळ रडलं तर भिंतीकडं तोंड करी. कुणी म्हणालं नाटकं आहेत. भगतानं सांगितलं बाहेरचं आहे, अमावास्येला झाडाला बांधून फोकानं झोडावं लागेल. अमावास्या पाच दिवसांवर होती.

पाटलांनी स्वतः माणूस पाठवून ठमाला आणवलं. ठमानं घरात पाऊल ठेवलं आणि तिच्या ध्यानात आलं की येणारं जाणारं प्रत्येक माणूस पाळण्याशी वाकतंय. ती पाळण्याकडं गेलीच नाही. केसरच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "केसर, तू कशी हाईस?"

केसरच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ठमानं दोनशे नावं आठवून बघितली. एकही उपयोगाचं नव्हतं. मग तिला आठवली नागू, नदीपलीकडच्या होडीवाल्या कोळ्याची बायको. तिला तो प्रश्न विचारला तेव्हा ती एकटीच काही न सांगता उठून गेली होती. का उठून गेली असेल?

नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. होडी बंद होती. ठमानं दोन मोठे घडे पालथे बांधले आणि पोटाशी धरून पाण्यात शिरली. असं म्हणतात, मधल्या धारेत ती वाहून जायला लागली तेव्हा नदी क्षणभर थांबली, आणि ठमा पल्याड लागल्यावरच पुन्हा धावली.

नागू दारातच होती. ओली, धापा टाकणारी ठमा म्हणाली, "तू तवा उठून का गेलीस?"

नागूनं तिला आत घेऊन कोरडं लुगडं दिलं. मग म्हणाली, "थोरल्याच्या येळंला मला त्याला हातात घ्यावंसं वाटत नव्हतं. नदीत उडी टाकावी वाटायची. अठरा वर्सं झाली, म्या कुनाला सांगितलं न्हाई. लोक काय म्हनतील?"

"मग बरी कशी झालीस?"

"माझी ननंद. रोज यायची. न्हाऊ घालायची, खायला घालायची, पोर सांभाळायची, म्हनायची तू नीज. काय बोलायची न्हाई. तीन महिनं लागलं."

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि दोघी होडीतून आल्या. नागूनं केसरचा हात हातात घेतला आणि अठरा वर्षांचं सगळं सांगितलं. खोलीत पाटलीणबाईही होत्या, त्यांनीही ऐकलं. केसर नागूकडं वळली आणि म्हणाली, "तुलाबी? मला वाटलं मीच तेवढी वंगाळ."

भगताला परत पाठवलं. पाटलीणबाईंनी स्वतः बाळाची रात्र आपल्याकडं घेतली आणि सुनेला झोपू दिलं. नागू एक दिवसाआड येत राहिली. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी केसर आपणहून उठली आणि बाळाला अंगणात उन्हाला घेऊन बसली.

ठमाची पुढं ठमाई झाली. म्हातारपणी ती खिंड ओलांडून गेली, पलीकडच्या खोऱ्यातल्या बायकांना विचारायला, आणि परत आली नाही. तिची समाधी नाही. असं म्हणतात, ती अजून विचारतच चालली आहे.

आमच्या नऊ वाड्यांत आजही कुणाला पाचवा महिना लागला की सगळ्या वाड्यांतल्या बायका तिच्या अंगणात जमतात आणि आपल्याला कोण उपयोगी पडलं ते सांगतात. आता त्यात आशाताईचं नाव असतं, गाडीवाल्याचा नंबर असतो, तालुक्याच्या डॉक्टरीणबाई कोणत्या वारी असतात तेही असतं. नागूसारखीही एखादी बोलते, आणि तिचं बोलणं कुणी मध्येच तोडत नाही. मूल झाल्यावर तीन महिने रोज कुणीतरी त्या घरी जातं. त्याला ठमाईचा फेरा म्हणतात, आणि त्याचा नियम एकच: आधी आई, मग बाळ.

गेल्या साली उपकेंद्रात नवीन नर्सबाई आल्या. पहिल्याच घरी त्या हसत पाळण्याकडं निघाल्या, तर दारातल्या म्हातारीनं त्यांना अडवलं. "बाई, आधी तिला." नर्सबाई बावरल्या, मग बाजेवर बसल्या आणि बाळंतिणीला विचारलं, "कशी आहेस?"

बाळंतीण सासूकडं बघत जरा घुटमळली. मग म्हणाली, "भूक लागलीय."

सासू उठली आणि चुलीकडं गेली.