पिंजारआळीचा खोकला

कुणाच्या पणजोबालाही साल सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका गडावर राजा राहत होता आणि गडाच्या पायथ्याशी पिंजारआळी होती. आळीत दिवसभर कापूस पिंजला जाई, त्याचा भुरभुरणारा धुरळा नाकातोंडात जाई आणि आळीतलं लहानथोर खोकत असे.

राज्यात राजवैद्य एकच. माणूस दुष्ट नव्हता बरं का, चांगला हुशार होता. पण हुशार माणसाला पुरतं ऐकून घेण्याचा कंटाळा फार! गडावर कुणी आजारी पडलं की तो उशाशी बसून विचारी, "काय होतंय?" मग छातीला कान लावी. गडाखालच्या माणसाला मात्र घोड्यावरूनच विचारी, "धंदा काय?" कुंभार म्हटला की धूर, पिंजारी म्हटला की कापूस. धंदा कळला की रोग कळला, अशी त्याची रीत होती.

या आळीत जैतुनबी नावाची पिंजारीण राहत होती. संक्रांतीपासून तिच्या नवऱ्याला खोकला लागला. खोकला तर सगळ्यांनाच होता, पण याला तिन्हीसांजेला ताप भरे आणि अंगावरचं मांस झडत चाललं होतं. एके दिवशी ती वैद्याच्या घोड्याला आडवी आली.

"धंदा काय?" वैद्याने विचारलं.

"पिंजारी हाओत, महाराज. पण ह्यो खोकला कापसाचा न्हाई. कापसाचा खोकला मला बी हाय, ह्यो निराळाच हाय."

"पिंजाऱ्याचा खोकला कापसाचाच असायचा. गूळ खायला घाल," असं म्हणून वैद्याने घोडा हाकला.

ती होळीला पुन्हा गेली, पावसाच्या तोंडाला पुन्हा गेली. दोन्ही वेळा गूळच सांगितला गेला. नवरा बापडा तसाच राबत राहिला, कारण हात थांबला की चूल थांबते. गडावर सेनापतीच्या घरी गाद्या भरायला तो पंधरा दिवस बसला. तिथेच पिंजे, तिथेच खोके.

दसऱ्याच्या सुमारास सेनापतीची सून खोकू लागली. वैद्य धावत आला, छातीला कान लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने क्षय ओळखला. "तिन्हीसांजेचा ताप, झडणारं अंग, ही त्याची खूण," तो सासूला सांगत होता. "पण वेळेत सापडलाय. सूनबाई बऱ्या होतील."

जैतुनबी उशा पोचवायला आली होती. दारातून तिने हे ऐकलं. उशा टाकून ती म्हणाली, "ह्येच, महाराज! ह्येच माझ्या घरात नऊ महिनं चाललंय!"

वैद्य पहिल्यांदाच पिंजारआळीत घोड्यावरून उतरला. त्याने पिंजाऱ्याच्या छातीला कान लावला. एका श्वासात त्याला सगळं समजलं.

"अगं, इतका उशीर का केलास? आधी सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं, महाराज. तुम्ही धंदा इचारला."

आयुष्यात पहिल्यांदा वैद्याला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. गडावर दिलं तेच औषध त्याने इथेही दिलं. वसंत आला तेव्हा सेनापतीची सून गडाच्या पायऱ्या चढू लागली होती. पिंजारी मात्र दिवाळीही पाहू शकला नाही. जैतुनबी धाय मोकलून रडली. रोग एकच, औषध एकच, वैद्यही एकच!

नवरा गेल्याला चाळीस दिवस झाल्यावर डोळे पुसून ती वैद्याच्या दारी गेली. "आता माझ्यासंगं चला," एवढंच म्हणाली. ती पुढे आणि तो मागे, असे दोघे घरोघर फिरले. आळीत आणखी अकरा जण क्षयाने धरलेले निघाले. नऊ वाचले, दोघांना फार उशीर झाला होता. बैल गेला नि झोपा केला, असं लोक म्हणाले. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तात्पर्य: रोग माणसामाणसांत भेद करत नाही, भेद ऐकणारा करतो, आणि जीव जातो तो ज्याचं ऐकलं गेलं नाही त्याचा.