रुसून बसलेली दोन नावं

एक होता राजा, पण गोष्ट त्याची नाही बरं का. त्याच्या राज्यातल्या एका लग्नाची आहे.

त्या राज्यात एक रीत होती. हळद लागली की मुलाला नवरदेव म्हणायचं, मुलीला नवरी. नाव घ्यायचंच नाही. का? तर नजर लागते. (माझा नाही हं विश्वास. तुझ्या कानामागे तीट लावते, ती आपली सवय म्हणून.)

तर एका मुलीला हळद लागली. तिचं नाव… थांब, आत्ताच नाही सांगत. पाच दिवस घरभर एकच. "नवरी, जेवलीस का?" "नवरीला उन्हात नका बसवू गं!" तिकडे मुलाच्या घरी, "नवरदेव, मान वर करा!" मग काय, दोघांची नावं रुसली. आपल्याला कुणी हाकच मारत नाही म्हणजे काय! उठली आणि भुर्रकन उडून गेली. लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग लग्न लागलं. वरात नवऱ्याच्या दारी आली. दारात करवली, म्हणजे नवऱ्याची बहीण, आडवी उभी. "वहिनी, दादाचं नाव घ्या, तरच आत! आणि दिवा लागायच्या आधी हं, नाहीतर गाडी परत माहेरी."

नवरी म्हणाली, "मांडवाच्या दारी केळीचे खांब दोन, माझ्या शेजारी उभे आहेत… उभे आहेत… कोण?"

सगळे खो खो हसले. नवरीच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. नवरदेव हळूच म्हणाला, "रडू नको. मलाही तुझं नाव आठवत नाहीये."

मग भटजींना विचारलं. ते म्हणाले, "मी वर म्हटलं, वधू म्हटलं. पोथीत तेवढंच आहे." मग मुलाच्या आईला विचारलं. "अगंबाई, मीच तर ठेवलं त्याचं नाव! काय बरं…" आणि ती आठवतच बसली. मग जेवायला आलेल्या राजाला विचारलं. राजा म्हणाला, "मला सगळे महाराज म्हणतात. माझंच नाव मला आठवेना झालंय."

ऊन उतरलं. गाडीवान बैल जुंपायला लागला. तेवढ्यात ताशा कडाडला, एक बैल बुजला आणि दावं तोडून थेट या दोघांच्या अंगावर! (आजी सांगायची तेव्हा बैल होता की रेडा, देव जाणे. बैलच धरू.)

नवरी किंचाळली, "भिवा, बाजूला हो!"

त्याच वेळी तोही ओरडला, "बकुळा, मागे सर!"

बैल दोघांच्या मधून निघून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि कौलांवर रुसून बसलेली दोन नावं घरंगळत खाली आली, ज्याच्या त्याच्या खांद्यावर बसली.

जीव घाबरला ना, की तोंडून नावच निघतं. परवा तू कठड्यावरून वाकलास, तेव्हा मी सोन्या म्हटलं का? पिल्लू म्हटलं का?

भिवाच्या आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "नवऱ्याला अरे-तुरे!"

करवली म्हणाली, "पण नाव घेतलं की नाही? या वहिनी, आत या."

मग तांदळाचं ताट आलं. त्यात नवऱ्याने बायकोचं नवीन नाव लिहायचं असतं. भिवाने बोटाने लिहिलं, बकुळा.

"अरे, हे तर जुनंच!" आई म्हणाली.

"असू दे गं. आत्ताच कुठे सापडलंय."

मग बकुळा आणि भिवा सुखाने नांदले. बैलालाही पुरणपोळी मिळाली. झालं. पाय पांघरुणात घे, आणि मीट बघू डोळे.